शनवार तेली आणि शुक्रवारचे शहर

कोकणात आपल्या लोकांना 'शनवार तेली' म्हणत, हे आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत आणि त्यातून वाचलेली सात जोडपी ही कथाही सर्वांना पाठ आहे, तेव्हा ती पुन्हा सांगत नाही. पण या नावातील दोन शब्दांपैकी 'शनवार' या शब्दाचा आपण जेवढा अभिमान बाळगतो, तेवढा विचार 'तेली' या शब्दाचा करीत नाही. मला मात्र हल्ली असे वाटू लागले आहे की, आपण तेली होतो म्हणूनच शनवार पाळू शकलो.

माझी आजी अलिबागकडची. तिच्या लहानपणी घरी घाणा चालू होता. ती सांगे की, शुक्रवारी ऊन उतरले की तिचे वडील बैलाच्या डोळ्यांवरची ढापणे सोडीत, घाण्यातली पेंड काढीत आणि लाट पुसून ठेवीत. मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत घाण्याला कोणी हात लावीत नसे. बैलसुद्धा गोठ्यात निवांत रवंथ करीत बसे. "बैलालाही शनवार ठाऊक होता गं," असे ती म्हणे. गावातल्या बायका शुक्रवारी सकाळीच तेल नेऊन ठेवीत, कारण शनवारी मिळणार नाही हे साऱ्या गावाला माहीत. यात मला महत्त्वाचे वाटते ते हे की, घाणा घरचा होता, बैल घरचा होता आणि गाव ओळखीचे होते. काम केव्हा थांबवायचे हे ठरविणारा माणूस त्याच ओटीवर बसलेला होता.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून आपले लोक मुंबईला येऊ लागले. कंपनी सरकारच्या फौजेत सुभेदार, जमादार झाले. सामाजी हसाजी दिवेकर हे त्यांपैकीच. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मांडवीला पहिली मशीद बांधली आणि त्या रस्त्याला पुढे सॅम्युअल स्ट्रीट हे नाव मिळाले. जवळच्या मशीद बंदर स्टेशनाचे नाव आपल्या याच 'जुन्या मशिदी'वरून पडले असे आपले लोक सांगतात. तेथून इस्राएल मोहल्ला, उमरखाडी, डोंगरी, भायखळा, नागपाडा, माझगाव असे आपण पसरत गेलो. कोणी सुतार, कोणी गवंडी, कोणी कारकून, कोणी रेल्वेत, कोणी गोदीत, कोणी गिरणीत. मुंबईने पगार दिला, शाळा दिली, छापखाने दिले. आणि त्या बदल्यात शनवार घेतला. कोणी कायदा करून घेतला नाही. शहराचे घड्याळ दुसऱ्याच्या हातात होते, एवढेच.

हे घड्याळ कसे होते ते थोडे सांगते, कारण आपल्या इतिहासात त्याची हकीकत फारशी कोणी लिहीत नाही. कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढच्या तीस वर्षांत परळ-लालबागकडे गिरण्या वाढत गेल्या, पण कामगाराला आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सूर्य उगवला की भोंगा, मावळला की सुटका. विजेचे दिवे आल्यावर सूर्याचाही धरबंध उरला नाही. १८८१ चा कारखाना कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. 'दीनबंधू'चे संपादक आणि जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजारांवर सह्यांचा अर्ज केला. त्यातली पहिली मागणी पगाराची नव्हती, रविवारच्या सुट्टीची होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. त्यांची भाषणे आज वाचावयास मिळाली तर मी दुसरे काही मागणार नाही. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला आणि पुढच्या वर्षी तो कायद्यात आला. आज भारतात रविवारी ज्याला घरी बसावयास मिळते त्याने लोखंड्यांचे नाव घ्यावे.

वेळेवरूनही त्या शहरात भांडणे झाली आहेत. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या हिंदुस्थानला एक वेळ लागू केली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे ३९ मिनिटे पुढे होती. म्हणजे कामगाराला तेवढे आधी, अंधारातच, गिरणीच्या दारात उभे राहावे लागणार. जेकब ससून यांच्या गिरणीतील कामगारांनी त्या जानेवारीत याविरुद्ध गोंधळ केला होता. मुंबईकरही असे हट्टी की, शहराच्या कारभारात जुनी 'मुंबईची वेळ' १९५५ पर्यंत टिकून राहिली. एकाच रस्त्यावर दोन घड्याळे दोन वेळा दाखवीत असल्याचे माझ्या वडिलांनी पाहिले होते.

माझे वडील रेल्वेच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांना रविवारी सुट्टी. शुक्रवारी संध्याकाळी ते मशिदीत जात, घरी येऊन मनुकांच्या सरबतावर किद्दुश म्हणत आणि शनिवारी सकाळी डबा घेऊन कामावर जात. त्यांनी आपल्यापुरती एक तोड काढली होती. एरवी दिवसाला बंडल संपविणारा हा माणूस शनिवारी चांदणी दिसेपर्यंत विडी ओढीत नसे. कारखान्यातले सोबती म्हणत, "आज ह्यांचा उपास दिसतो." ते काही बोलत नसत. रविवारी मात्र ते घरात नुसते येरझाऱ्या घालीत. मशिदीत त्या दिवशी गर्दी नसे आणि आमची शाळा शनिवारी बंद, रविवारी चालू, त्यामुळे मुलेही घरी नसत. एका माणसाची सुट्टी म्हणजे काय, हे मी त्या येरझाऱ्यांत पाहिले. आजीच्या गावातला शनवार हा एकट्याचा नव्हता. साऱ्या आळीचे घाणे एकदम थांबत. मुंबईत प्रत्येकाचा भोंगा निराळा झाला.

आपण व्यासपीठावरून सांगतो की, दोन हजार वर्षे आपण शब्बाथ सोडला नाही. माझे मत विचाराल तर हे वाक्य आपण जरा जपून बोलावे. कोकणात तो सुटला नाही हे खरे, पण मुंबईत आपल्या पुष्कळ घरांतून तो दोन पिढ्यांत सुटला, आणि त्यात त्या माणसांचा दोष नव्हता. विडी न ओढणारा फिटर हाही आपलाच इतिहास आहे, आणि तो सांगण्यात मला कमीपणा वाटत नाही.

शिवाय गावाचे गोडवे किती गायचे यालाही मर्यादा आहे. गावात आपण तेली, म्हणजे उतरंडीत कोठे ते सांगावयास नको. हाइम सॅम्युअल केहिमकर आणि त्यांच्या बंधूंनी १८७५ साली इस्राएल शाळा काढली ती मुंबईत. नवगावात निघाली नसती. डॉ. जेरुशा झिराड कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या त्या मुंबईत. आमच्या आईच्या पिढीच्या मुली त्यांचे नाव घेऊन नर्सिंगला जात आणि मीही त्याच वाटेने गेले. आता नर्सचा शनवार कसला? आजाऱ्याची सेवा शब्बाथलाही करावी असे आपल्या धर्मातच आहे, त्यामुळे मला कधी टोचणी लागली नाही. पण आठवड्यात एक दिवस सारे थांबते, हा अनुभव मलाही मुंबईत कधी आला नाही.

तो माझ्या थोरल्या बहिणीला आला. ती १९७१ साली इस्राएलला गेली, अश्दोदला. तिच्या पहिल्या पत्रात आनंद नव्हता, तक्रार होती. लिहिले होते की, शुक्रवारी दुपारी बसगाड्या बंद होतात, दुकाने बंद होतात, चौथ्या मजल्यावरून खाली पाहिले तर रस्त्यावर कुत्रेही नसते आणि मला भायखळ्याची आठवण होऊन रडू येते. वर्षभराने तिने लिहिले, "आता मला ह्याची सवय झाली. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या खिडक्यांतून एकदम जेवणाचा वास येतो." तेथील १९५१ च्या कायद्याने यहुदी कामगाराचा विश्रांतीचा दिवस शनिवार ठरला आहे. आजीच्या घाण्याचा नियम एका देशाचा नियम झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

मी इस्राएलला गेले नाही. नवरा लवकर गेला, मुलगा लहान होता, आणि १९९५ साली एका ओळखीच्या सिस्टरने अबुधाबीच्या नोकरीची खबर आणली. मुलाला आईपाशी भायखळ्याला ठेवून मी निघाले. बहीण एका देशात, मी अशा देशात की जेथून तिला फोनही लागत नाही. आमची पत्रे भावाच्या पत्त्यावरून, मुंबईमार्गे जात. मी तेथे कोण म्हणून राहिले, असे वाचकांना वाटेल. मी 'मराठी सिस्टर' म्हणून राहिले. आडनावाच्या शेवटी 'कर' होते, तेवढे पुरे झाले. कोणी खोदून विचारले नाही, मीही आपणहून सांगितले नाही.

येथे थोडी उलटी गंमत सांगते. एके काळी अबुधाबीच्या माणसाला मोठे शहर म्हणजे मुंबई होती. तेथील मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, व्यापारी मुंबईत येऊन राहत, आणि १९६६ पर्यंत तेथे रुपयाच चाले. शेवटची काही वर्षे तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा छापल्या होत्या. मोत्यांचा धंदा १९३० नंतर बुडाला. त्या काळचे अबुधाबी म्हणजे एक किल्ला आणि भोवती खजुराच्या झावळ्यांची घरे. १९६२ साली पहिले तेल परदेशी गेले, १९६६ साली शेख झायद सत्तेवर आले, १९६८ साली बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा मक्ता पूल झाला. त्याआधी ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यातून पलीकडे जात. १९७१ च्या २ डिसेंबरला अमिराती एकत्र आल्या. मुंबईला जे घडायला दोनशे वर्षे लागली ते तेथे एका माणसाच्या आयुष्यात घडले. आणि अशा घाईने शहर उभे करावयाचे तर त्याला हात लागतात. ते हात राहतात मुसफ्फात.

मुसफ्फा तुम्हाला चित्राच्या कार्डावर दिसणार नाही. बेटासमोर, खाडीपलीकडे मुख्य भूमीवरचा हा कारखान्यांचा भाग. चौकांना क्रमांक आहेत: एम-एकपासून चाळिसाच्या पुढे. लोखंड कापणारे, संगमरवर घासणारे, मोटारी दुरुस्त करणारे, काचा बसविणारे. हवेत रंगाचा आणि डिझेलचा वास. एका बाजूला शाबिया म्हणून चार-पाच मजली घरांची वस्ती, त्यात आम्ही दवाखान्यातल्या बायका. सुरुवातीला एका खोलीत चौघी होतो: दोघी केरळच्या, एक फिलिपिन्सची आणि मी. दुसऱ्या बाजूला कामगारांच्या वसाहती. तेथील खोल्या मी आजाऱ्यांना पाहायला गेले तेव्हा पाहिल्या. लोखंडी खाटांवर खाटा, खाटेखाली पेटी, खाटेला पडदा म्हणून लुंगी बांधलेली. मला अनोळखी वाटले नाही. गिरणगावात रत्नागिरीकडचे चाकरमानी गावकीच्या खोलीत असेच राहत, रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा होई. फरक एकच दिसला. मुसफ्फाला भोंगा नाही. त्याऐवजी प्रत्येकाच्या उशाला फोनचा गजर. एका खोलीत आठ माणसे, आठ गजर, पहाटे साडेतीनपासून वाजू लागतात. ज्याचा नसेल तोही जागा होतो. मग अंधारात पांढऱ्या बसगाड्यांची रांग लागते.

मी ज्या दवाखान्यात होते तेथे शुक्रवारी सर्वांत जास्त गर्दी असे. १९८० च्या कामगार कायद्याने शुक्रवार हा साप्ताहिक सुट्टीचा दिवस ठरविला होता. रोजंदारीवरचे तेवढे वगळलेले होते. शुक्रवारी मुसफ्फा निराळीच होई. सकाळी उन्हाआधी मोकळ्या वाळूवर क्रिकेट, दोन दगड म्हणजे यष्ट्या. न्हाव्याकडे रांग, पैसे पाठविण्याच्या दुकानात रांग, फोनपाशी रांग. दुपारी मुसलमान नमाजाला जात, इतर कपडे धुवीत. आठवड्यातून एकदा मटण शिजे. साऱ्या गल्लीतून वास येई आणि मला बहिणीच्या पत्रातले वाक्य आठवे. अंधार पडला की लोक नुसते कठड्यावर बसून बोलत. कशाविषयी? घराविषयी. दुसरा विषय नव्हता.

आणि दुपारनंतर ते दवाखान्यात येत. आठवडाभर सांभाळलेली दुखणी घेऊन येत. डोळ्यात गेलेली लोखंडाची कीस, पाठ, मुतखडा. गरम पाण्याच्या टाकीमुळे आणि कमी पाणी प्याल्यामुळे उन्हाळ्यात मुतखडे फार. २००५ पासून उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम बंद ठेवण्याचा नियम झाला; हल्ली तो १५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन असा असतो. त्याचा फायदा आम्ही डोळ्यांनी पाहिला, भोवळ येऊन पडलेली माणसे कमी येऊ लागली. पुढे २००६ नंतर अबुधाबीत प्रत्येक कामगाराचा आरोग्यविमा मालकाने काढणे सक्तीचे झाले. तेव्हा औषधाच्या पैशाची अडचण बरीच मिटली. दिवसाची मिटली नाही.

२०१२ सालची गोष्ट. रोह्याकडचा एक गृहस्थ, वय पंचेचाळीसच्या आसपास, एका बांधकाम कंपनीत सुतार. पायात खिळा गेला होता. मोजा जखमेला चिकटलेला, तो मिठाच्या पाण्याने भिजवून काढावा लागला. करंगळी काळी पडली होती. साखर पाहिली तर साडेतीनशेच्या वर, आणि आपल्याला मधुमेह आहे हे त्याला त्याच दिवशी कळले. मी मराठीतून रागावले.

"अहो, खिळा कधी लागला?"

"रविवारी."

"मग आज येता? पाच दिवस काय केलंत?"

तो माझ्याकडे असा पाहू लागला की जणू मीच वेड्यासारखे बोलते आहे. म्हणाला, "सिस्टर, शुक्रवार आज आला."

करंगळी मोठ्या हॉस्पिटलात काढावी लागली. पाऊल वाचले. मधल्या दिवशी आला असता तर रजा मिळाली नसती असे नाही. मिळाली असती, पण दिवसाचा पगार जाईल, मुकादमाच्या डोळ्यावर येऊ, पुढच्या वेळी करार वाढणार नाही, अशी त्याची धास्ती. ही धास्ती कोणत्या कायद्याने जाते ते मला ठाऊक नाही. लोखंड्यांच्या अर्जात जखमी कामगाराला पगार मिळावा हीही मागणी होती, हे मी पुढे वाचले तेव्हा मला रोहेकरांचा मोजा आठवला. त्यानंतर कित्येक वर्षे ते पाय दाखवावयास येत राहिले, नेहमी शुक्रवारी. 'सिस्टर'ची 'ताई' झाले.

आता शहराच्या घड्याळाकडे वळते. आधी काही वर्षे सरकारी कचेऱ्या गुरुवारी-शुक्रवारी बंद असत. सप्टेंबर २००६ पासून त्या शुक्रवारी-शनिवारी बंद राहू लागल्या. सरकारने हे व्यवहाराच्या सोयीसाठी केले, माझ्यासाठी नव्हे. पण त्या पहिल्या शनिवारी माझी पाळी नव्हती, खाली रस्त्यावर मोटारी तुरळक होत्या आणि मी खिडकीत उभी राहून एकटीच हसले. शुक्रवारी संध्याकाळी मी मनुका भिजत घालीत असे. खोलीतल्या मुलींना वाटे, ही मराठी लोकांची रीत असेल. अरबस्तानात पूर्वी सूर्यास्ताला घड्याळ बारावर लावण्याची पद्धत होती असे एका म्हाताऱ्या अरब रुग्णाने मला सांगितले होते. म्हणजे त्यांचाही दिवस आपल्यासारखा संध्याकाळी सुरू होई. पण शहराला हे काही नको असते. त्याला मध्यरात्रीपासून मोजलेला दिवस लागतो.

२०२० साली सारे घड्याळच थांबले. कोरोनाच्या दिवसांत, एप्रिलअखेर, मुसफ्फातील सुमारे ३,३५,००० लोकांच्या तपासणीची मोहीम सरकारने काढली. मी निवृत्तीला आले होते, तरी तंबूत उभी राहून पुष्कळ नाकांतून नमुने घेतले. सुट्टीच सुट्टी होती, आणि एका खोलीतल्या आठ माणसांना ती सुट्टी नको होती. त्याच वर्षी १६ ऑगस्टला इस्राएलचे फोन लागू लागले. तो रविवार होता. मी बहिणीचा नंबर लावला. पंचवीस वर्षांत आम्ही मुंबईत तीनदा भेटलो होतो आणि मधल्या काळात मोबाईलवर चिठ्ठ्याही येत, पण मुसफ्फातल्या खिडकीत उभे राहून तिचा आवाज ऐकणे निराळे. ती म्हणाली, "आज फोन केलास ते बरं, काल केला असतास तर मी उचलला नसता." एवढे म्हणून दोघी रडत बसलो.

मी २०२१ साली निवृत्त झाले. आता मुलाच्या व्हिसावर त्याच शाबियात राहते. त्याची नोकरी तेथेच आहे. माझ्या निवृत्तीनंतर घड्याळ आणखी एकदा फिरले. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार, शुक्रवारी अर्धा दिवस काम. खाजगी कामगारांसाठी नवा कायदा त्याच फेब्रुवारीत लागू झाला. त्यात आठवड्याला किमान एक दिवस विश्रांती द्यावी असे आहे, तो शुक्रवारच असावा असे नाही. त्याच १७ जानेवारीला, सोमवारी, येमेनच्या हौथींनी मुसफ्फातील तेलाच्या साठ्यावर हल्ला केला, तीन टँकर पेटले आणि तीन माणसे गेली, दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी. तिघेही कामावर होते. आमच्या खिडक्यांची तावदाने हादरली. दुसऱ्या पहाटे बसगाड्या नेहमीच्या वेळी आल्या.

सुट्टीच्या बदलाचे मात्र पुढे वर्षभर पडसाद उमटले. कोणत्या मालकाने रविवार दिला, कोणी शुक्रवार ठेवला, कोणी माणसे वाटून निरनिराळे दिवस दिले. कागदावर कोणाचे काही गेले नाही. एक दिवस होता, एक दिवस राहिला. पण आमच्या घरासमोरच्या वाळूवर शुक्रवारी सकाळी जे दोन संघ खेळत, त्यांचे अकरा गडी जमेनात. एकाच खोलीत खालच्या खाटेवरच्याचा शुक्रवार, वरच्याचा रविवार. मटण दोनदा शिजवायचे की कोणाचे झाकून ठेवायचे यावरून भांडणे झाल्याचे मी स्वतः ऐकले आहे. मला माझे वडील आठवले, रविवारी घरात येरझाऱ्या घालणारे.

२०२३ साली सादियात बेटावर एकाच आवारात मुसलमानांची मशीद, ख्रिस्ती लोकांचे चर्च आणि आपली मशीद अशा तीन इमारती उघडल्या. आपल्या मशिदीला मोझेस बेन मायमोन यांचे नाव आहे. मुलाला म्हटले, 'मला मशिदीत ने,' तर तो विचारतो, 'कोणत्या?' मराठीत ही पंचाईत जुनीच आहे. जाऊन आले. पांढरी, उंच, फार सुंदर इमारत. आत उजेड झिरपत येतो. पुष्कळ वर्षे ज्या शहरात मी मनुका गुपचूप भिजवल्या तेथे हे पाहावयास मिळाले, त्याचा आनंद झाला, तो लपवीत नाही. पण मुसफ्फाहून तेथे जायचे म्हणजे मोटार हवी, आणि शब्बाथच्या दिवशी मोटारीत बसावे की नाही, यावर परत येताना माझा आणि मुलाचा वाद झाला. मांडवीची मशीद घराजवळ होती. मोठ्या शहरात सारे असते, पण पायी जाण्याच्या अंतरावर नसते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, ती २०२० च्या सप्टेंबरातली. अब्राहाम करारावर सह्या झाल्याची बातमी फोनवर सगळीकडे फिरत होती. त्या शुक्रवारी रोहेकर पाय दाखवावयास आले. मी पट्टी बांधीत होते आणि का कोण जाणे, आठ वर्षांत न सांगितलेले त्यांना सांगून टाकले. म्हटले, "भाऊ, मी इस्राएल लोकांतली. अलिबागकडची."

ते दचकले नाहीत. उलट चेहरा खुलला. "म्हणजे शनवार तेली तुम्ही! अहो, आमच्या गावात तुमची आळी होती. माझी आजी तुमच्याकडनं तेल आणायची. आता कुणी नाही तिथं. घाण्याची उखळ पडून आहे, त्यात पावसाचं पाणी साठतं."

मी विचारले, कोणत्या बाजूला, कोणाच्या घरामागे. ते सांगत राहिले, मी ऐकत राहिले. मागे रांग खोळंबली होती. मग त्यांनी काहीतरी मोजल्यासारखे करून विचारले, "पण ताई, शनवारी तर तुम्ही लोक हात हलवीत नव्हता म्हणे. मग इतकी वर्षं शनवारी दवाखान्यात कशा आलात?"

"जसे तुम्ही पायात खिळा घेऊन गुरुवारपर्यंत कामावर गेलात, तशी," मी म्हटले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.